धागा: शून्यापासून व्यायाम – दोन उशा, एक खुर्ची आणि दहा किलो दादर ज्वारी

रोजमेळ (जळगाव)

मंडळी, नमस्कार.

गेल्या डिसेंबरात भुसावळ स्थानकावरच्या पादचारी पुलाचा जिना चढताना मी अर्ध्यावर कठडा धरून थांबलो. मागून डोक्यावर बोचके घेऊन येणाऱ्या एका आजीबाई "भाऊ, बाजूले सर" असे म्हणत मला ओलांडून वर गेल्या. त्यांचे वय सत्तरीच्या पुढचे असावे, माझे ४४ आहे. त्या दिवशीचे माझे आकडे असे होते: उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८८ किलो, कंबर १०४ सेंटिमीटर. पेशाने हिशेबनीस असल्याने दिवसाचे नऊ तास खुर्चीत जातात आणि आकडे लपवण्याची सवय नाही.

व्यायामावर जे काही वाचायला मिळते ते बहुतेक धडधाकट माणसांनी धडधाकट माणसांसाठी लिहिलेले असते. ज्याला एक मजला चढताना धाप लागते त्याने पहिल्या सोमवारी नेमके काय करायचे, हे त्यात सापडत नाही. म्हणून माझी वही येथे उघडत आहे.

आधी चूक सांगतो. शाळेत असताना १०० बैठका मारत होतो, ही आठवण धरून १ जानेवारीला मी पहाटे उठून १०० बैठका मारल्या. थांबत थांबत का होईना, पण आकडा पुरा केला. त्या दिवशी काही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी तर देशी शौचालयात बसता येईना. दाराची कडी एका हाताने आणि नळ दुसऱ्या हाताने धरून मी जो काही खाली गेलो, तो वर येण्यासाठी शेवटी हाक मारावी लागली. आईने ओसरीतून विचारले, "काय व्हयनं रे भाऊ तुले?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर सात आठवडे मी व्यायामाचे नाव काढले नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी आधी डॉक्टरांकडे जाऊन आलो. रक्तदाब थोडा वर होता. चालायला आणि हलके वजन उचलायला त्यांनी परवानगी दिली, मात्र श्वास कोंडून जोर लावायचा नाही, असे बजावले.

पहिले तीन आठवडे मी केवळ चाललो. आठवड्यातून सहा दिवस, पहाटे साडेपाचला, मेहरूण तलावाच्या काठाने १२ मिनिटे. बाराच का, तर त्यापुढे पोटऱ्या भरून येत होत्या. दर आठवड्याला दोन मिनिटे वाढवत आज चौदाव्या आठवड्यात ३८ मिनिटांवर आलो आहे. चालण्याचा वेग असा ठेवतो की सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. एप्रिल आणि मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात गेला, तेव्हाही खाडा फारसा झाला नाही, कारण साडेसहाच्या आत घरी परत येत होतो. नऊ वाजता बाहेर पडलो असतो तर ही वही तिथेच संपली असती.

चौथ्या आठवड्यापासून सोमवारी आणि गुरुवारी ताकदीचा व्यायाम जोडला. त्यात चारच गोष्टी आहेत. पहिली म्हणजे खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि धपकन न पडता सावकाश बसणे. जेवणाच्या टेबलाची खुर्चीही मला जड गेली, म्हणून तिच्यावर दोन उशा ठेवून उंची वाढवली. तीन आठवड्यांनी एक उशी काढली, पुढे दुसरी काढली, मग खुर्चीच काढून टाकली आणि शाळेच्या जुन्या दप्तरात वजन भरून ते छातीशी धरू लागलो. दुसरी गोष्ट म्हणजे जोर, पण जमिनीवर नव्हेत. आधी भिंतीला हात टेकून, मग स्वयंपाकघरातील ओट्याला टेकून, आणि आता जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर. जमिनीवर आजही एकही जोर नीट निघत नाही. तिसरी, पंक्चरवाल्याकडून आणलेली सायकलची जुनी ट्यूब दारात अडकवून दोन्ही कोपरे मागे नेत ओढणे. चौथी, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन गच्चीवर फेऱ्या मारणे. सुरुवातीला दहा लिटरच्या बादल्या अर्ध्या भरत होतो, आता पूर्ण भरतो.

वाढवण्याचा नियम एकच ठेवला आहे. प्रत्येकी आठच्या दोन फेऱ्या करायच्या, आणि 'अजून दोन सहज झाले असते' असे वाटत असतानाच थांबायचे. आठाचे नऊ, नवाचे दहा असे करत दोन्ही फेऱ्यांत १२ झाले की मगच उशी काढायची किंवा वजन वाढवायचे, आणि आकडा पुन्हा आठावर आणायचा.

वहीत अकराव्या आठवड्याच्या सोमवारी दप्तराचे वजन १० किलो आहे आणि गुरुवारी ६ किलो. ताकद घटली असे कोणी समजू नये. दप्तरात दादर ज्वारी भरली होती, आणि मधल्या बुधवारी त्यातली चार किलो सौभाग्यवतींनी दळणाला पाठवली. तेव्हापासून वाळू वापरतो.

चौदा आठवड्यांत वजन केवळ अडीच किलो उतरले, कंबर मात्र ९९ वर आली. गेल्या आठवड्यात भुसावळचा तोच जिना न थांबता चढलो. धाप लागली, पण कठडा धरला नाही.

आता प्रश्न. बसता-उठताना उजवा गुडघा कटकट वाजतो, पण दुखत नाही. ते कितपत मनावर घ्यावे? घरचा हा व्यायाम पुरेसा आहे की जिम लावावी? आणि आम्ही शाकाहारी आहोत, तर प्रथिनांचे काय करावे?

जिभाऊ (धुळे)

भाऊ, खुर्ची ही बसण्याची वस्तू आहे, तिच्यावर व्यायाम होतो हे माझ्या पिढीला पटायला जड जाते. तरीही तुमची वही मी दोनदा वाचली, आणि आमच्या वस्तादांची पद्धत याहून फार वेगळी नव्हती, हे कबूल करतो.

मी वयाच्या तेराव्या वर्षी तालमीत गेलो. पहिला महिनाभर मला कोणी जोर मारू दिला नाही की बैठक मारू दिली नाही. हातात फावडे दिले आणि हौद्यातील माती उकरायला लावली. त्या लाल मातीत ताक, तेल आणि हळद मुरवलेली असते, आणि ती रोज खालपर्यंत उकरून भुसभुशीत करावी लागते, नाहीतर अंगावर पडणाऱ्याला ती दगडासारखी लागते. त्या वयात हे काम म्हणजे नव्या पोराला राबवून घेणे वाटे. पुढे स्वतः पोरे शिकवू लागलो तेव्हा कळले की पाय, कंबर, पाठ आणि मनगट ही सगळी त्या फावड्याने तयार होत होती. त्यानंतर पाच जोर आणि दहा बैठका मिळाल्या. एखाद्याने हौसेने जास्त मारल्या की वस्ताद दुसऱ्या दिवशी त्याला नुसते बसवून ठेवत, आणि ती शिक्षा फार झोंबत असे. तुमच्या १ जानेवारीच्या शंभर बैठका त्यांनी पाहिल्या असत्या तर तुम्हाला आठवडाभर बसवले असते.

दोन गोष्टी मात्र सुचवतो. आपल्या देशी बैठकीत टाचा उचलल्या जातात, गुडघे पुढे येतात आणि हातांच्या झोक्याने लय धरली जाते. ती वेगाची आणि दमाची बैठक आहे. ज्याचे गुडघे आणि घोटे अजून तयार नाहीत त्याने तिच्या वाटेला लगेच जाऊ नये. टाच टेकवून खुर्चीपर्यंत जाणे तुम्हाला सध्या बरे, हे मी माझ्या मनाविरुद्ध लिहीत आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. घरी व्यायाम करणारा माणूस ढकलण्याचे सगळे करतो आणि ओढण्याचे विसरतो. जुन्या तालमीत जोरांच्या जोडीला चढायचा दोर असे, मल्लखांब असे. नुसते जोर मारणाऱ्याचे खांदे पुढे झुकतात. तुम्ही ती ट्यूब लावलीत, हे तुमच्या यादीतले सर्वांत शहाणपणाचे काम आहे.

हाडवैद्य नव्हे (धुळे)

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. रोजमेळ भाऊंच्या गुडघ्यापासून सुरुवात करते. न दुखणारा, न सुजणारा आणि न अडकणारा गुडघा वाजत असेल तर त्या आवाजाला घाबरण्याचे कारण नाही. आवाजासोबत दुखणे आले, सूज आली किंवा चालताना गुडघा अचानक सुटल्यासारखा वाटला, तर मात्र तपासून घ्यावे. खुर्चीवरून उठण्या-बसण्याने गुडघा झिजतो ही समजूत घरोघरी आहे. प्रत्यक्षात मांडीचे स्नायू बळकट होतात तेव्हा गुडघ्याचा सांभाळ अधिक चांगला होतो, आणि सांधेदुखीच्या रुग्णांनाही आम्ही हाच व्यायाम कमी उंचीपासून न देता जास्त उंचीपासून देतो. दोन उशांची कल्पना त्यामुळेच योग्य होती.

आता १ जानेवारीबद्दल. व्यायामानंतर एक ते तीन दिवसांनी जे अंग ठणकते त्याला अनेकजण 'लॅक्टिक ॲसिड साचले' असे म्हणतात. ते खरे नाही, कारण व्यायामात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. सवय नसलेला स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, म्हणजे बैठकीत खाली जाताना, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तिच्या दुरुस्तीच्या काळात ठणका लागतो. थोडा ठणका चालतो. मात्र पैज लावून शेकडो बैठका मारणाऱ्या तरुणांमध्ये क्वचित स्नायू इतके तुटतात की त्यांतील द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. अशा वेळी मांड्या प्रचंड सुजतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. असे झाले तर शेक, मालिश, हळदीचे दूध यांत वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ज्याने वर्षानुवर्षे काही केले नाही त्याने पहिल्या दिवशी आकडा गाठू नये, यामागचे खरे कारण हे आहे. आळस किंवा मनाचा कमकुवतपणा यांचा त्याच्याशी संबंध नाही.

पहिल्या पाच-सहा आठवड्यांत ताकद वाढते पण आरशात काही दिसत नाही, म्हणून पुष्कळजण सोडून देतात. या काळात मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू शिकत असतात, म्हणजे आहे त्याच स्नायूतले अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावणे त्यांना जमू लागते. स्नायूचा आकार त्यानंतर सावकाश वाढतो. स्नायूला हाडाशी जोडणारे कंडरे तर त्याहूनही मंद गतीने तयार होतात, आणि नेमके तिसऱ्या महिन्यात, जेव्हा जोश वाढलेला असतो, तेव्हा लोक खांदा किंवा टाच धरून माझ्याकडे येतात. आठाचे बारा झाल्याशिवाय वजन न वाढवण्याचा नियम म्हणूनच मोडू नका.

श्वास कोंडून वजन उचलले की रक्तदाब त्या क्षणापुरता फार वर जातो. उठताना श्वास सोडायचा, बसताना घ्यायचा. मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप कोंडला जात नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झाले तर व्यायाम तिथेच थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर उपाशीपोटी व्यायामाला जाण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

जिमचे म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम गतीचा १५० ते ३०० मिनिटे व्यायाम आणि किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. तुमचे चालणे आठवड्याला २२८ मिनिटे होते. यात जिमची अट कुठेच नाही. पूर्वी 'सलग किमान दहा मिनिटे' अशी अट होती, तीही आता काढली आहे, त्यामुळे जिन्याचे दोन मजलेसुद्धा हिशेबात धरता येतात.

केळीचा मळा (रावेर)

वाचून थोडे हसू आले, राग मानू नका. बादल्या घेऊन गच्चीवर फेऱ्या मारणारा माणूस आमच्याकडे आला तर त्याला आम्ही मजुरी देऊ. केळीची काढणी चालू असली की एकेक घड वीस-पंचवीस किलोचा खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणावा लागतो. दिवसाला किती फेऱ्या होतात त्याची मोजदाद नसते. आमच्यासारख्याला व्यायामाची काय गरज?

तरीही एक गोष्ट खरी लिहितो. वय ३९ आहे, दंड भरलेले आहेत, आणि तरी दर महिन्याला कंबर धरते. खताची गोणी उचलताना गेल्या वर्षी अशी उसण भरली की चार दिवस खाटेवर होतो. इतके काम करून ही अवस्था का होते, हे ताई सांगू शकतील का?

हाडवैद्य नव्हे

मळेवाले दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत शेतकरी थोडे नाहीत. कष्ट आणि व्यायाम यांत फरक असा आहे की कष्टात भार कामाने ठरतो, व्यायामात तो आपल्या तयारीने ठरतो. घड पंचवीस किलोचा असेल तर तो पहिल्या दिवशीही पंचवीसचा आणि अंग दुखत असतानाही पंचवीसचा. शिवाय तुम्ही तो कोणत्या खांद्यावर घेता? बहुतेक सगळे उजव्या खांद्यावरच घेतात. वर्षानुवर्षे एकच बाजू भार पेलते आणि दुसरी तशीच राहते. त्यात हंगाम नसताना दोन-दोन महिने ठिबकची तोटी उघडणे आणि मोटारसायकलवर मळ्यात चक्कर मारणे, एवढेच काम उरते, आणि काढणी लागली की एकदम पूर्ण भार.

एक करून पाहा. घरातली सरळ काठी पाठीवर उभी धरा, अशी की ती डोक्याच्या मागच्या भागाला, दोन खवाट्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला, अशी तीन ठिकाणी टेकेल. गुडघे किंचित वाकवून, ढुंगण मागे नेत खाली वाका. तीनपैकी एकाही ठिकाणाहून काठी सुटली तर कंबर गोल होते आहे, असे समजा. काठी न सुटता दहा वेळा वाकता येऊ लागले की हातात रिकामी गोणी घ्या, मग पाच किलो, मग दहा. युरियाची गोणी ४५ किलोची असते, तिच्यापर्यंत पोचायला दोन-तीन महिने लागू द्या. आणि ती उचलताना अंगाला चिकटवून उचला, हातभर लांबून नव्हे.

बोरीकाठची (अमळनेर)

येथे 'घरकाम हाच बायकांचा व्यायाम' असे कोणी लिहायच्या आत मीच लिहिते की तसे नाही. मी ५२ वर्षांची आहे, तीस वर्षे घरकाम केले आहे, आणि दोन वर्षांपूर्वी जमिनीवर पाटावर बसले तर भिंत धरल्याशिवाय उठता येत नव्हते. पाळी थांबल्यानंतरच्या काही वर्षांत हाडांची झीज वेगाने होते आणि भार पेलण्याच्या व्यायामाने ती रोखायला मदत होते, हे मला एका शिबिरात कळले. तोवर वजन उचलणे हे पुरुषांचे काम, असेच डोक्यात होते.

पहाटे बाहेर चालायला जाणे मला जमले नाही. अंधार असतो, कुत्री मागे लागतात, आणि सातला सगळ्यांचे डबे असतात. म्हणून दुपारी चार ते साडेचार ही वेळ धरली, जेव्हा घरात कोणी काही मागत नाही. साडी बदलून सलवार-कुडता घालते. पहिले दोन महिने शेजारणीने "कुठे निघालात?" असे रोज विचारले, आता तीही माझ्याबरोबर करते. आम्ही तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्याने भरतो, तो बरोबर पाच किलो होतो. तेलाने भरलेला असताना तो साडेचार किलोच भरतो, हे रोजमेळ भाऊंच्या वहीसाठी सांगून ठेवते. तो दोन्ही हातांनी छातीशी धरून उठबस, एका हाताने कमरेपर्यंत ओढणे आणि डोक्यावर नेणे असे आलटून पालटून करतो. बायकांचे दंड पुरुषांसारखे फुगतील ही भीती शेजारणीला होती. दोन वर्षांत आमच्या दोघींच्या ब्लाउजची मापे तीच आहेत. पाटावरून मात्र आता हात न टेकता उठते.

प्रथिनांचे विचारले आहे म्हणून. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त लागतात. आपल्या खान्देशी ताटात ती नाहीत असे नाही. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो, आणि धान्यात जे कमी असते ते डाळीतून भरून निघते. उडदाच्या १०० ग्रॅम डाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. अडचण प्रमाणाची आहे. आपण वरणाचे पाणी पितो आणि डाळ तळाशी ठेवतो. मी वाटीतली डाळ दुप्पट घट्ट केली, दुपारी भाजलेले हरभरे किंवा मूठभर शेंगदाणे आणि रात्री ताकाऐवजी दही ठेवले. शेंगदाणे मूठभरच, कारण त्यांत प्रथिनांबरोबर तेलही भरपूर असते. शेवभाजीला मात्र प्रथिनांच्या नावाखाली मोकळे सोडू नये. शेव बेसनाची असली तरी वरची तर्री कशाची असते, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सोळाशे मीटर (नंदुरबार)

मी पोलीस भरतीची तयारी करतो आहे. मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण १६०० मीटर धावण्याला आहेत, म्हणून मी रोज धावतो. तीन आठवड्यांत नडगीची आतली बाजू इतकी दुखायला लागली की आता चालतानाही कळ येते. सोबतचे सगळे रोज धावतात. थांबलो तर मागे पडेन, अशी भीती वाटते.

जिभाऊ

पोरा, कळ येत असताना धावू नकोस. चालतानाही दुखते आहे म्हणजे आधी ताईंसारख्या जाणकाराला दाखव, कारण नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली असेल तर ती धावून बरी होत नाही. दुखणे पूर्ण थांबल्यावर रोज न धावता एक दिवसाआड धाव, आणि तेही सलग नको. १९९६ मध्ये जोश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने अगदी नवख्यांसाठी नऊ आठवड्यांचा एक क्रम आखला होता, तो माझ्या नातवाने मला दाखवला. त्यात पहिल्या आठवड्यात ६० सेकंद धावायचे आणि ९० सेकंद चालायचे, असे २० मिनिटे, आठवड्यातून तीनच दिवस. तू तरुण आहेस, तुला नऊ आठवडे लागणार नाहीत, पण सुरुवात तिथूनच कर. मधल्या दिवशी गोळाफेकीसाठी जोर आणि पायांसाठी पायरीवर टाचा उचलणे. डांबरी रस्ता सोडून मातीच्या मैदानावर धाव. भरती पुन्हा निघते, नडगी दुसरी मिळत नाही.

रोजमेळ

सर्वांचे आभार. गुडघ्याबद्दलची धास्ती गेली. जिमचा विचार तूर्त बाजूला ठेवतो. बोरीकाठच्या ताईंचा कॅनचा हिशेब वहीत नोंदवला आहे.

ट्यूबबद्दल व्यक्तिगत निरोपातून तिघांनी विचारले म्हणून येथेच लिहितो. सायकलची ट्यूब घ्यावी, मोटारसायकलची सुरुवातीला फार कडक पडते. वॉल्व्हची जागा कापून टाकावी, कारण रबर तिथेच आधी फाटते. मधोमध एक घट्ट गाठ मारून ती गाठ दाराच्या पलीकडे ठेवावी आणि दार लावून कडी घालावी. आपण ज्या बाजूला उभे असतो त्या बाजूला दार उघडणारे नसावे, नाहीतर ओढताना दारच अंगावर येते. माझ्या बाबतीत एकदा आले आहे. नवव्या आठवड्यात ट्यूब तुटली आणि मनगटावर असा फटका बसला की दोन दिवस वळ राहिला, म्हणून दर सोमवारी ती ताणून बारीक चिरा पाहून घेतो आणि तोंडाच्या रेषेत कधीच धरत नाही.

उन्हाळ्याबद्दल एक राहिले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम गरम झाले तेव्हा माझे २० मिनिटांचे चालणे मला तीस मिनिटांइतके जड गेले आणि वाटले की आपण मागे पडलो. ऊन अंगवळणी पडायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात, असे डॉक्टरांनी सांगितले. तेवढे दिवस मिनिटे वाढवली नाहीत, निघण्यापूर्वी माठातले दोन पेले पाणी आणि परतल्यावर लिंबू-मीठ-साखरेचे सरबत घेतले. दहा-बारा दिवसांनी पुन्हा ठीक झाले. वहीत तेवढे दोन आठवडे २० मिनिटेच लिहिलेली आहेत. पुढे मेमध्ये दोनदा चार-चार मिनिटांची उडी मारून ती भरून काढली, आणि त्यासाठी ताई रागावतील हे मला ठाऊक आहे.

हाडवैद्य नव्हे

रागावले आहे.

केळीचा मळा

ताईंनी सांगितल्याप्रमाणे काठी धरून पाहिली. पहिल्याच वाकण्यात ती माकडहाडावरून सुटली. बायकोने मागून पाहून सांगितले, नाहीतर मी बरोबर वाकतो आहे असेच मला वाटत होते. आठ दिवसांनी आता काठी न सुटता सात वेळा वाकता येते. गोणी अजून रिकामीच आहे.

परवा आमच्याकडे कापणी होती, तेव्हा ठरवून घड डाव्या खांद्यावर घेतले. लहान निवडून घेतले होते, पंधरा-सोळा किलोचे. मजूर हसत होते. डावीकडे तोलच सांभाळत नव्हता, चिखलात पाय तिरका पडायचा. पाच घड बांधापर्यंत नेले, सहावा अर्ध्या वाटेत उजव्या खांद्यावर आला. तसे वहीत लिहिले आहे. वही मुलाची आहे, तिसरीच्या गणिताची, मागची पाने कोरी होती.